विजेच्या बिलाची खतावणी

दिवाळीत वहीपूजन करून नव्या वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या व्यापारी घरांत आकड्यांचे भय कुणाला नसते. पूर्वी रोजमेळात चार आण्यांचा फरक राहिला, तरी तो सापडेपर्यंत दिवाणजी गादीवरून उठत नसत. आजही जीएसटीचे विवरणपत्र भरताना पुरवठादाराच्या बिलातली एक ओळ जुळली नाही, तर आपण त्याला दहा वेळा फोन करतो. मात्र याच घरांत दर महिन्याला एक बिल असे येते, की ज्यावरची शेवटची रक्कम आणि मुदतीची तारीख यांपलीकडे कुणी काही वाचत नाही. ते विजेचे बिल.

अलीकडे तर तेवढेही वाचले जात नाही. आई-वडील गावी, मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला. बिल मोबाइलवरून परस्पर भरले जाते. भरणाऱ्याला फक्त रक्कम दिसते आणि ज्यांच्या भिंतीवर मीटर आहे त्यांच्या हाती फक्त कागद येतो. अशा व्यवहारात एखादी विसंगती वर्षानुवर्षे दडून राहिली तर नवल नाही. तिची झळ पोचते ती बहुधा घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला.

आमच्या नात्यातल्या एका काकूंचे उदाहरण या संदर्भात सांगण्याजोगे आहे. वय शहात्तर, यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली, तालुक्याच्या गावी जुन्या वाड्याच्या पुढच्या भागात एकट्या राहतात. मागे दोन धाकट्या दिरांची बिऱ्हाडे. काकूंचा चौविहार कधी चुकला नाही, त्यामुळे सूर्यास्तानंतर स्वयंपाकघरात दिवा लावण्याचेही कारण पडत नाही. प्रतिक्रमणापुरती एक ट्यूब, एक पंखा, लहान फ्रिज, आणि सकाळी पाणी उपसणारी मोटार, एवढाच काय तो विजेचा वापर. तरी बिल सातशेवरून चढत चढत दोन हजारांच्या पुढे गेले. मुलगा पुण्याहून निमूटपणे भरत होता. काकूंना मात्र त्याचा भार वाटू लागला. ऐन वैशाखात त्यांनी दुपारचा पंखा बंद केला, पुढे फ्रिजही. विचारले तर म्हणत, ‘‘मला एकटीला काय करायचाय?’’

घरात तर्क सुरू झाले. मीटर जोरात पळते, असे एकाचे मत. दुसऱ्याने कामाला येणाऱ्या बाईंवर बोट ठेवले, की त्या रोज मोबाइल चार्जिंगला लावतात. (महिनाभर रोज मोबाइल चार्ज केला तरी एक युनिट जळत नाही. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यापूर्वी एवढा हिशेब तरी करावा.) शेवटी सुटीत माहेरी आलेल्या काकूंच्या मुलीने एका सकाळी घरातला मुख्य स्विच खाली ओढला आणि मीटरसमोर जाऊन उभी राहिली. घर बंद, तरी मीटरवरचा तांबडा दिवा भराभर लुकलुकत होता.

ही परीक्षा कुणालाही करता येते. वीज जेवढी अधिक ओढली जाते तेवढा तो दिवा वेगाने लुकलुकतो. एका युनिटला किती वेळा, हे मीटरवरच छापलेले असते. मुख्य स्विच बंद करूनही तो लुकलुकत राहिला, तर बहुधा दोन अर्थ संभवतात: कुठेतरी गळती आहे किंवा मीटर आणि स्विच यांच्या मधून एखादी तार दुसरीकडे गेली आहे. काकूंकडे तार गेली होती बोअरच्या मोटारीला. वाटणी झाली तेव्हा जमीन, दुकान, दागिने, भांडी या साऱ्यांची याद्यांनिशी विभागणी झाली. मोटार मात्र थोरल्या भावाच्या मीटरवर होती तशीच राहिली. तेव्हा ती दिवसाकाठी अर्धा तास चाले. पुढे मागच्या बिऱ्हाडांत सुना आल्या, गच्चीवर मोठी टाकी बसली, धुलाई यंत्रे आली आणि मोटार चार-चार तास चालू लागली. यात लबाडी कुणाचीच नव्हती. पाणी सर्वांचे होते आणि बिल एकट्या काकूंचे होते, एवढे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आता आकडे मांडू. एक अश्वशक्तीची मोटार साधारण एक किलोवॉट वीज ओढते. चार तासांना चार युनिटे, महिन्याला १२०. काकूंचा स्वतःचा वापर सुमारे ८० युनिटे. एकूण २००.

महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात वीज आकार असा होता: पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे. याशिवाय प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, सिंगल फेज जोडणीला महिना १२८ रुपये स्थिर आकार, आणि या सर्वांच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. नंतरच्या वर्षात दर बदलले, पण मांडणीची रीत तीच आहे. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांची दरपत्रके निराळी. मुलुंड-भांडुप आणि उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत महावितरण. या सर्वांचे दर ठरवते ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग.

या दरांनी ८० युनिटांचे बिल होते ६९४ रुपये आणि २०० युनिटांचे २,१६० रुपये. म्हणजे वापर अडीच पट, बिल तिपटीहून अधिक. ‘‘मीटर पळते’’ असे जे वाटते त्याचे उत्तर बहुधा या टप्प्यांत असते. शंभराच्या पुढे गेलेले प्रत्येक युनिट वीज आकारात आधीच्या दुपटीहून महाग पडते. इंधन समायोजन आकार नावाची आणखी एक ओळ असते. वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे ती महिन्यागणिक बदलते, म्हणून ती येथे धरलेली नाही. ज्या महिन्यात ती वाढते त्या महिन्यात वापर तेवढाच असूनही बिल फुगते.

येथे व्यापाऱ्याच्या नजरेला एक गोष्ट लगेच दिसावी. मोटारीचा वाटा किती? युनिटांच्या प्रमाणात वाटले तर २,१६० पैकी साठ टक्के, म्हणजे १,२९६ रुपये. पण मोटार नसती तर काकूंचे बिल ६९४ आले असते. म्हणजे मोटारीने प्रत्यक्षात १,४६६ रुपयांची भर घातली. स्वस्त टप्पा काकूंच्या वाट्याचा होता आणि मोटारीने तो वापरून घेतला. दोन हिशेबांत महिना १७० रुपयांचे अंतर पडते, आणि न्याय्य हिशेब दुसराच.

हिशेब सोपा होता. तो मांडणे अवघड. ‘‘भावजींकडे विजेचे पैसे मागू?’’ या कल्पनेनेच काकू अस्वस्थ झाल्या. मुलीने तक्रारीचा सूर न लावता वर्षभराची बिले आणि एक आकडेमोडीचा कागद धाकट्या काकांपुढे ठेवला. ते कापडाचे व्यापारी. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो दराचा: ‘‘मोटारीचे युनिट कोणत्या भावाने धरलेस?’’ वरच्या टप्प्याच्या भावाने, हे त्यांना क्षणात पटले. मोटारीला स्वतंत्र पोटमीटर बसले, त्याचे वाचन दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहिले जाते आणि तेवढी रक्कम दोन्ही दिरांकडून काकूंच्या खात्यात जमा होते. मागच्या बाकीचा विषय काकूंनीच काढू दिला नाही. पंखा पुन्हा चालू झाला. वाटणीपत्र करताना वकील सर्व्हे नंबर विचारतात. मीटर कोणाच्या नावे आणि त्यावर काय काय चालते, हेही त्याच कागदात यायला हवे, असे मला आग्रहाने वाटते.

प्रत्येक वाढीव बिलामागे अशी मोटार नसते. वृद्ध आप्त चातुर्मासात मुलाकडे राहतात किंवा शिखरजीच्या यात्रेला जातात, तेव्हा घराला कुलूप आणि मीटर आत. वाचन होत नाही, सरासरीने बिले येतात, आणि पुढे खरे वाचन झाले की साचलेली युनिटे एकदम अंगावर येतात. २०२० च्या टाळेबंदीत मीटरवाचन थांबले होते तेव्हा जूनच्या बिलांनी उभ्या महाराष्ट्राने हा अनुभव घेतला. अशा बिलात पाहायचे ते एवढेच, की युनिटे महिन्यांत विभागली आहेत का. तीन महिन्यांची २७० युनिटे प्रत्येकी नव्वद धरली, तर वरच्या दराने वीज आकार १,२७२ रुपये होतो. एकाच महिन्याची धरली तर २,२२०. मागील व चालू वाचनाच्या तारखा बिलावर असतात. त्या वाचल्याशिवाय रक्कम भरू नये. महावितरणच्या मोबाइल ॲपवरून मीटरचे छायाचित्र काढून स्वतः वाचन पाठवण्याचीही सोय आहे.

आपल्या समाजाशी विशेष जोडलेली ओळ म्हणजे दरवर्गवारी. बाजारपेठेतल्या जुन्या घरांत खाली दुकान, वर राहणे. दुकान बंद होऊन पंधरा वर्षे झाली, तिथे आता वडिलांची खाट आहे, पण मीटर दुकानाचेच. घरगुती जोडणीला १६ टक्के वीज शुल्क, वाणिज्यिकला २१. स्थिर आकारही कितीतरी अधिक, त्यावर वीज विक्री कर निराळा. बिलावर ‘दर संकेत’ या शीर्षकापुढे वर्गवारी लिहिलेली असते. जागेचा वापर बदलला असेल, तर वर्गवारी बदलण्याचा अर्ज करावा.

उलट प्रकार अधिक धोक्याचा. घरच्या मीटरवरून गोदामाला किंवा दुकानाला दिवा नेणे म्हणजे विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर. आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि वापर केव्हापासून हे ठरवता आले नाही तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची. आजीच्या मीटरवरून नातवाने गोदामाला ‘‘एक बल्बच तर’’ नेला, तरी नोटीस आजीच्या नावे निघते. घराच्याच एका भागात पापड, खाखरे किंवा शिवणाचा छोटा उद्योग करणाऱ्या भगिनींनी मात्र घाबरू नये. महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागील वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत वापर असेल, तर आयोगाच्या दर आदेशांनी अशा जोडणीला घरगुती दरातच ठेवले आहे.

एप्रिल-मेच्या सुमारास अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते. एकाच महिन्यात दोन बिले पाहून वृद्ध माणसे गोंधळतात. ही रक्कम खर्च नसून ठेव आहे. २०२१ च्या विनियमांनुसार मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी लागते, आणि तिच्यावर व्याज मिळते. काकूंचे बिल मोटारीने वाढवले तशी ही ठेवही वाढली होती, हे ओघाने आलेच. याच गोंधळाचा फायदा घेणारे भामटेही आहेत. ‘‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर बोला’’ असा संदेश खासगी मोबाइल क्रमांकावरून आला, तर तो खोटा समजावा आणि त्या क्रमांकावर बोलू नये. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

बिल खरोखरच वादग्रस्त असेल, तर वीज जाण्याच्या भीतीने सारे मुकाट्याने भरण्याचे कारण नाही. कलम ५६ नुसार मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. मीटरबद्दल शंका असल्यास शुल्क भरून ते तपासून घेता येते. कार्यालयात निराकरण झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर मुंबई व नागपूर येथे विद्युत लोकपाल. या सर्व ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो जोडणी कुणाच्या नावे, हा. आपल्याकडे वीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आजोबांच्या नावे आजही बिले येतात. वारसाच्या नावे बदल करून घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, त्याची शिक्क्यानिशी पोच घ्यावी आणि ती बिलांच्याच फाइलीत लावून ठेवावी.