पाण्याच्या हिशेबाने मुक्काम

सह्याद्रीत एकटीने चालायचं असलं की माझी आखणी पाण्यापासून सुरू होते. रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीमार्गे कुमशेत, तिथून पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड, ही अकोले तालुक्यातली वाट ट्रेकर मंडळींच्या चांगली पायाखालची. चढाची आणि कड्यांची चर्चा सगळेच करतात. पण फेब्रुवारी सरत आला की मला एकच चिंता असते: पुढचं पाणी कुठे, आणि ते आत्ता टिकून आहे का?

नवख्याला याचं नवल वाटतं. या पट्ट्यात पावसाळ्यात पाऊस नुसता कोसळतो; १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण त्याच पावसावर भरतं. मग डोंगरावरचं पाणी जातं कुठे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हे डोंगर घडले. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, बहुतेक वाहूनच जातं. जे थोडं मुरतं ते भेगांमधून खाली उतरतं. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मातीचा पट्टा असतो. तिथे ते अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या पायथ्याशी पाझरतं. त्यामुळे झरा शोधायचा तो कड्याखालच्या पदरात. उघड्या सोंडेवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पाण्याचं विचारायचं ते बायकांना. पुरुष माणूस हात लांब करून ‘आहे पुढं’ म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातला ओढा असू शकतो. डोक्यावर हंडा वाहणारी बाई मात्र नेमकं सांगते. रतनवाडीच्या वरच्या अंगाला भेटलेल्या एका आजीने आधी मला नखशिखान्त न्याहाळलं. “एकलीच चालली का गं बाई?” मग माझी बाटली हातात घेऊन म्हणाली, “हिथंच भरून घे. वर झिरा हाय, पण त्याला बसावं लागंल.”

बसावं लागलंच. कारवीच्या आडोशाला, काळ्या दगडाखालच्या तांबड्या पट्टीतून पाणी नुसतं ओलावत होतं. ओलाव्याखाली बाटली धरून काही साधत नाही, पाणी दगडाला चिकटूनच खाली जातं. तिथे आधीच कुणीतरी फटीत हिरवं पान दुमडून खोचून ठेवलं होतं. पानाच्या टोकाशी थेंब जमायचा, जड व्हायचा आणि सुटायचा. त्याच्याखाली मी मलमलच्या फडक्याची चौपदरी घडी बाटलीच्या तोंडावर बांधून ठेवली. अर्धी भरली तेव्हा आभाळासमोर धरून पाहिली. पाणी नितळ होतं. तरी संध्याकाळी ते खळखळून उकळायचंच. वर गुरं चरतात, आणि नितळ पाणी निर्धोक असतंच असं नाही.

खिंड चढताना सॅकमध्ये चार लिटर पाणी, म्हणजे चार किलो वजन. हे वजन पेलण्यासाठी मी तंबू हलका घेते, कपडे कमी घेते, डबाबंद खाणं घेतच नाही. पाण्यात मात्र काटकसर नाही. सोबत कुणी नसताना डोकं ताळ्यावर राहणं ही पहिली सुरक्षा, आणि तहानलेलं डोकं वाटेच्या फाट्यावर घाई करतं.

खिंडीच्या अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, पलीकडचं मुळेला. पुढे मैदानात नेवाशाकडे या दोन्ही नद्या एकमेकींना मिळतात. इथे मात्र त्यांच्यामध्ये एवढीशी खिंड. मला ही जागा फार आवडते.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून रानात तंबू ठोकत नाही. कुमशेतला मालकाला विचारून भाताच्या रिकाम्या खाचरात मुक्काम केला. खाचरं उतरंडीसारखी रचलेली. त्यातलं वरचं निवडलं. रात्री गार हवा उताराने खाली जाते आणि तळाच्या खाचरात साठते. तिथे पहाटे दव जास्त पडतं, आणि तंबूच्या आतून श्वासाची वाफही गार होऊन ठिबकते. भात निघून गेल्यावर जमीन अशी आवळते की खुंट्या शिरतच नाहीत. मग बांधावरचे दगड आणायचे, दोरी एका दगडाला गुंडाळायची आणि तिच्यावर दुसरा दगड ठेवायचा. वारा आला की दोरी ताणली जाते, वरचा दगड हलत नाही. सकाळी सगळे दगड पुन्हा बांधावर जागच्या जागी लावायला हवेत. तो बांध पावसाळ्यात कुणाचं तरी भात धरून ठेवणार असतो.

हरिश्चंद्रगडावर पोचलं की पाण्याची भाषा बदलते. इथे माणसांनी कातळ कोरून पाणी साठवलंय. ज्या टाक्यांवर कातळाचंच छत आहे तिथे ऊन पोचत नाही. पाणी थंड राहतं आणि कमी आटतं. केदारेश्वराच्या गुहेत भाविक पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालतात, ते पाणी प्यायचं नाही. प्यायचं टाकं कोणतं ते गडावर पिठलं-भाकरी करून देणाऱ्या पाचनईच्या मंडळींना विचारावं. त्यांचा स्वयंपाक त्याच पाण्यावर चालतो, आणि टाकी पुन्हा भरायला पावसाळाच यावा लागतो. मी तिथून लागेल तेवढंच काढते. भांडी टाक्यापासून लांब, उताराच्या बाजूला नेऊन मातीने घासते, आणि विसळलेलं पाणी तिथल्याच एखाद्या झुडपाच्या बुंध्याशी ओतते.