गोठ्याची माती

दिवाळीत केदारखेड्याकडच्या अंगणांत शेणाच्या गवळणी मांडतात. बोटभर उंचीच्या बाया, डोक्यावर दुधाची मडकी, बाजूला गाई-वासरं. सगळं ताज्या शेणाचं, वर झेंडूच्या पाकळ्या खोचलेल्या. भोकरदन तालुक्यातलं, पूर्णेकाठचं हे गाव माझ्या आत्याचं. लहानपणी सुट्टीत तिथं गेलो की दिवेलागणीला पणत्यांचं ताट माझ्या हातात यायचं. तुळशीपाशी एक, विहिरीवर एक, गोठ्यात एक, आणि शेवटची घरामागच्या उकंड्यावर. घाणीच्या ढिगावर दिवा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. आत्या म्हणाली, "वर्षभर तिथूनच खायचं असतंय, बाबा." तिला ते इतकं सरळ वाटत होतं की पुढं काही सांगायची गरज तिला वाटली नाही.

मधल्या काळात मी शहरात परसबाग केली, खतासाठी वणवण केली आणि त्या एका वाक्याचा हिशोब मांडत बसलो. हा लेख त्या हिशोबाचा आहे.

पहिला आकडा जनावराचा. मध्यम बांध्याची गाय किंवा बैल दिवसाला दहा किलोच्या आसपास ओलं शेण टाकतो, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांहून थोडं जास्त. पण ओल्या शेणात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. त्यात गव्हाणीतली उष्टावळ, पाचोळा, चुलीची राख मिसळून ते कुजलं की एका जनावरामागं वर्षाला दोन टन खत हाती आलं तरी पुष्कळ. आता भोकरदन भागात मिरची आणि आलं घेणाऱ्या शेतकऱ्याकडं पाहा. आल्याला हेक्टरी २५ ते ३० टन शेणखताची शिफारस आहे. एकरी दहा-बारा टन धरले तर एका एकर आल्यामागं पाच-सहा जनावरं वर्षभर दावणीला हवीत, आणि त्यांचं एक टोपलंही वाया जाता कामा नये. दावणीला आज असतात किती? वखर-पाळीची कामं ट्रॅक्टरवर गेली तशी बैलजोडी गेली. राज्यातल्या गाई-बैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत दीड कोटीच्या थोडी वर होती, २०१९ च्या गणनेत ती एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास उतरली. जालना जिल्ह्यानं मधल्या काळात २०१२-१३ चा दुष्काळही सोसला. चारा-पाण्यापायी बाजारात गेलेलं जनावर सहसा परत येत नाही.

म्हणून खत ट्रॉलीनं विकत घ्यावं लागतं. ट्रॉलीत माती किती, दगड किती, कुजलं किती, यावरून घासाघीस होते. ज्यांच्या घरी एकेकाळी उकंडा हीच ऐपतीची खूण होती, ती माणसं आज खत घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभी राहतात. याचं मला वाईट वाटतं.

पण जनावरं कमी झाली एवढंच दुखणं नाही. जी उरली आहेत त्यांचं तरी आपण काय करतो?

शेण गोळा करणं हे काम बायांचं. पहाटे उठून दावणीतलं शेण दोन्ही हातांनी भरायचं, टोपलं डोक्यावर घेऊन उकंड्यावर टाकायचं, गोठा झाडायचा, उरलेल्यातून गोवऱ्या थापायच्या. चरायला गेलेल्या गुरांमागं पोरी पाटी घेऊन फिरायच्या आणि वाटेवर पडलेला पो उचलायच्या. या कामाला कुणी मजुरी लावली नाही, म्हणून खत 'घरचं' आणि 'फुकट' ठरलं. फुकट ते नव्हतंच. छत्तीसगड सरकारनं जुलै २०२० मध्ये गोधन न्याय योजनेत दोन रुपये किलोनं शेण विकत घ्यायला सुरुवात केली. योजनेबद्दल कुणाचं मत काहीही असो, वेचणाऱ्या हाताला भाव देता येतो एवढं त्या दोन रुपयांनी दाखवलं.

गोवऱ्यांचा वाद जुना आहे. इंग्रज सरकारनं १८८९ मध्ये व्होएल्कर नावाच्या रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानची शेती बघायला पाठवलं. १८९३ च्या त्याच्या अहवालात एक गोष्ट स्वच्छ मांडली आहे. इथला शेतकरी शेण जाळतो ते अडाणीपणानं नव्हे, त्याच्याजवळ दुसरं जळण नाही म्हणून. सरपणाची सोय करा, शेण आपोआप शेतात जाईल, असं त्याचं म्हणणं. त्याच्या दहा वर्षं आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली होती. डोंगरातला पालापाचोळा, जनावरांचं मलमूत्र कुजून त्याचं सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरत असे, गुरांना रानात चरायला मुभा होती. जंगलखात्यानं रानं बंद केली आणि ही ये-जा तुटली. खताचा विचार गोठ्यापाशी न थांबता डोंगरापर्यंत न्यावा लागतो, हे फुल्यांइतकं आधी कुणी इतक्या स्पष्टपणे मराठीत लिहिल्याचं मला ठाऊक नाही.

त्याआधीचं पाहायचं तर भोकरदन हे सातवाहन काळातलं भोगवर्धन. सांचीच्या दानलेखांत या नगराच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. १९७३ मध्ये देव आणि गुप्ते यांनी इथं उत्खनन केलं. दोन हजार वर्षं माणसं याच काळ्या रानांवर जगत आली आहेत. एवढा काळ पीक काढून नेलं आणि काही परत दिलं नाही, असं झालं असतं तर जमीन केव्हाच थकली असती. 'कृषिपाराशर' या जुन्या संस्कृत ग्रंथात परत देण्याची रीतही सांगितली आहे. माघात शेणाचा ढीग कुदळीनं उकरायचा, उन्हात वाळवून बारीक करायचा, फाल्गुनात शेतात खड्डे करून त्यात भरायचा, आणि पेरणीच्या वेळी ते खत द्यायचं. खत वाळवल्यानं त्यातलं नत्र उडतं, हे त्या ग्रंथकाराला कळायचं साधन नव्हतं. पण कच्चं शेण पिकाला घालू नये, हे त्याला पक्कं माहीत होतं.

हे मी धडा घेऊन शिकलो. पहिल्या वर्षी एका गोठ्यातून दोन गोण्या शेण आणलं आणि वाफ्यांत तसंच मिसळलं. पावसाळ्यात मिरचीची रोपं एकेक करून माना टाकू लागली. उपटलं तर मुळं कुरतडलेली आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या. हुमणी. वळवाचा पहिला पाऊस पडला की तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, रात्री कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि नंतर मातीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेलं शेण असलं की त्यांचं आणखी फावतं. मात्र उकंड्यात दिसणारी प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणी नसते. बऱ्याचशा नुसतं कुजकं खाऊन खत बारीक करणाऱ्या असतात. आत्या मला हे फोनवर सांगत होती आणि मी वहीत टिपून घेत होतो.

नीट कुजणं म्हणजे काय, यावर विसाव्या शतकातलं मोठं काम मराठी मुलखाला लागूनच झालं, होळकरांच्या इंदुरात. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये सरकारी वनस्पतितज्ज्ञ म्हणून पुसा इथं आले. १९२४ मध्ये इंदूर दरबारानं दिलेल्या जमिनीवर त्यांनी कापूस संशोधनाची संस्था उभी केली. तिथं बसलेली खताची पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीनं यशवंत वाड यांचं नाव छापलेलं आहे. हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून जग मान देतं. वाड यांचं नाव आपल्याकडच्या कृषी पदवीधरांनाही क्वचित ठाऊक असतं. हे बरोबर नाही.

पद्धत अशी. काडीकचरा, तणं, पाला जनावराखाली अंथरायचा. तो शेणामुतानं भिजला की खड्ड्यात थर द्यायचे: काडीकचरा, शेणकाला, राख आणि गोठ्याची माती. तीन महिन्यांत तीनदा उलथापालथ करायची, ओल राखायची. ढीग आतून हात भाजेल इतका तापतो. पंचावन्न-साठ अंशांच्या त्या उष्णतेत तणांचं बी मरतं. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटून अशा ढिगात घालायला हरकत नाही, बी धरलेलं मात्र टाळावं.

या सगळ्यात मला मोलाची वाटते ती शेवटची वस्तू, गोठ्याची माती. इंदुरात गोठ्याची जमीन मातीची ठेवत, ती मूत पीत राही. दर काही महिन्यांनी वरचा थर खरवडून खतात जाई आणि नवी माती पसरली जाई. त्यामागं साधं गणित आहे. गाय जे नत्र बाहेर टाकते त्यातलं निम्मं मूत्रातून जातं, पालाश तर निम्म्याहून जास्त. गाईचं मूत्र दिवसाला पाच-सहा लिटर धरा, त्यात नत्र एक टक्का. वर्षाला वीस किलो नत्र झालं. दुकानातल्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीतही तेवढंच असतं. ही तुलना नुसत्या आकड्यांची नाही. मूत्रातलं नत्र मुख्यतः युरियाच्याच रूपात असतं, तोच पदार्थ. १८२८ मध्ये वोलर या जर्मन शास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत बनवला, त्याआधी तो मूत्रातूनच माहीत होता. गोणी अनुदानामुळं २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून गोठ्यातली गोणी वाहून गेली तरी कुणाला चुटपुट लागत नाही.

आणि ती वाहूनच जाते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गोठ्यांना कोबा आला. कोबा बरा, खुरांना चिखल लागत नाही, धारा स्वच्छ निघतात, झाडणाऱ्या बाईची कंबर वाचते. माझी तक्रार कोब्याबद्दल नाही. कोब्याला उतार दिला आणि उताराच्या टोकाला खड्डा न करता नाली काढली, याबद्दल आहे. उरलेलं शेण उघड्या उकंड्यावर पडतं. उन्हाळ्यात त्यातला अमोनिया उडून जातो (गोठ्याजवळ नाकाला झोंबतो तोच), पावसाळ्यात तांबडं पाणी ओघळून पूर्णेकडं जातं. मृगाच्या तोंडावर शेतात पोचतं ते बरंचसं काडी आणि माती. तेही रानात छोट्या ढिगांनी उन्हात पडून राहतं. खत पसरलं की त्याच दिवशी वखरून मातीआड करावं, हे जुनी माणसं न चुकता पाळत.

जनावर एकच असेल तर काय, याचं उत्तर पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दिलं. 'नाडेप' हे त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांचं नाव. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, जाळीदार विटांचं टाकं. त्यात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, पावणेदोन टन चाळलेली माती आणि शेण फक्त नव्वद-शंभर किलो. भिंतीच्या भोकांतून हवा खेळते, उलथापालथ करावी लागत नाही, तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत तयार होतं. इथं शेण विरजणासारखं वापरलं आहे. कपाशीच्या पराट्या, सोयाबीनचं भुसकट, मक्याची चिपाडं बांधावर पेटवून देणाऱ्या गावांना याहून जवळचा उपाय मला दिसत नाही. परसबागेला तर एवढं टाकंही नको, अर्ध्या मापाचं पुरतं.

शेण वेचायचंच नाही, जनावरच शेतावर न्यायचं, ही तिसरी रीत धनगरांची. सुगी झाली की रानात मेंढ्या बसवतात. रात्री जाळीच्या वाघुरीत कळप कोंडायचा, दुसऱ्या दिवशी वाघूर पुढं सरकवायची. लेंड्या आणि मूत दोन्ही जागच्या जागी मुरतात. टोपलं नाही, ट्रॉली नाही, गळती नाही. मेंढ्यांच्या संख्येवर आणि रात्रींवर मोबदला ठरतो, कुठं पैशांत, कुठं धान्यात. लेंडीखत शेणखतापेक्षा कितीतरी कसदार. बागाईत वाढलं, पड रान आणि गायरानं आक्रसली, तसे कळपांचे रस्ते अडले. आज मेंढ्या रानात आल्या की भांडण होतं, आणि त्याच रानाला लेंडीखत हवं म्हणून शेतकरी दूरवर फोन करतो.

मागच्या दिवाळीत केदारखेड्याला गेलो होतो. आत्या आता थकली आहे. तिच्या गोठ्यात दोन गाई आणि एक वासरू. पोरांनी कोबा केला, पण मागच्या भिंतीकडची दोन हात रुंदीची पट्टी तिनं करू दिली नाही. कोब्याचा उतार त्या पट्टीकडं आहे. तिथं तिनं नाल्यातली कोरडी माती टाकून घेतली आहे. वर काड, त्यावर जनावरांचे मागचे पाय. इंदूर, हॉवर्ड, वाड यांतलं एकही नाव तिच्या कानावर गेलेलं नाही. मी ती गोष्ट सांगू लागलो, तेव्हा तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातलं फावडं माझ्याकडं सरकवलं.

"खरवडून घे," ती म्हणाली. "लई भिजलीया. पाडव्याला उकंड्यावर टाकू, अन् येताना नाल्यातली दोन घमेली घेऊन ये."