पाथरीचे कुलकर्णी, नगरचे सुलतान

नगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक अहमद. 1490 साली भिंगारजवळ बहमनी फौज उधळून तो स्वतंत्र झाला आणि त्याच परिसरात त्याने शहर वसवले. त्याचा बाप मलिक हसन हा बिदरच्या दरबारातला मातब्बर सरदार. बहमनी वजीर महमूद गावानचा 1481 मध्ये बळी गेला, त्या कारस्थानात त्याचा हात होता. पुढे 1486 मध्ये त्याचाही खून झाला. पण हा हसन मुळात कोण? इतिहासकार फरिश्ता सांगतो, की तो भैरव नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा तिमाभट. विजयनगरच्या मुलखात बहमनी सैन्याने त्याला लहानपणीच पकडले, मुसलमान केले आणि शाही गुलामांत वाढवले. घराण्याचे मूळ मात्र पाथरीचे, आजच्या परभणी जिल्ह्यातले, आणि वतन कुलकर्ण्याचे. याउलट सय्यद अली तबातबा ‘बुर्हान-इ-मआसिर’मध्ये अहमद हा खरे तर बहमनी सुलतानाचाच मुलगा, हसनने त्याला फक्त वाढवले, असे लिहितो.

फरिश्त्यावर संशय घ्यायला जागा आहे. नगरची नोकरी सोडून तो विजापूरला गेला आणि तिथे आदिलशाहीच्या संस्थापकाला त्याने थेट उस्मानी सुलतानाचा मुलगा ठरवले. मालकाला तुर्की राजरक्त आणि मालकाच्या शेजाऱ्याला गुलामाचा वारसा, ही वाटणी निर्मळ मनाने झाली असेल असे मानणे भोळेपणाचे. तरीही मला त्याचीच हकिकत खरी वाटते, आणि त्याचे कारण तबातबाच्या ग्रंथातच सापडते. तो निजामशाही दरबाराच्या आश्रयाने लिहीत होता. अहमद हसनचा मुलगा नव्हता, हे पटवण्यासाठी त्याला गरोदर दासीची गोष्ट रचावी लागते. म्हणजे तो हसनचाच मुलगा, हे जगाला ठाऊक होते. दुसरी गोष्ट पाथरीची. अहमदचा मुलगा पहिला बुर्हाण याने ते गाव वऱ्हाडच्या इमादशाहकडे मागितले, नकार मिळताच 1518 मध्ये जिंकले आणि फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या ब्राह्मण नातलगांना देऊन टाकले. गोदावरीकाठच्या सरहद्दीचे ठाणे म्हणूनही ते हवेसे होतेच, हा आक्षेप रास्त आहे. पण नुसते ठाणे हवे असते, तर आधी दुसरा मुलूख देऊ करून ते मागण्याची गरज नव्हती.

म्हणून निजामशाहीला ‘ब्राह्मणांचे राज्य’ म्हणण्याची अलीकडची हौस मात्र निराधार आहे. याच बुर्हाणने 1537 मध्ये इराणहून आलेल्या शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ जाहीर केला. दरबाराची नजर इराणकडे होती. वंश आणि धोरण या दोन वेगळ्या गोष्टी, हे त्याच काळातल्या इंग्लंडमध्येही दिसते. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या ओवेन ट्यूडरचा नातू सातवा हेन्री 1485 मध्ये बॉसवर्थची लढाई जिंकून राजा झाला. मोहिमेत त्याने वेल्सचा लाल ड्रॅगन निशाणावर मिरवला, थोरल्या मुलाचे नाव आर्थर ठेवले. तबातबाने जे मूळ झाकायचा यत्न केला, तसलेच मूळ हेन्रीने भांडवल म्हणून वापरले, कारण वेल्सच्या लोकांची त्याला गरज होती. पण त्याचाच मुलगा आठवा हेन्री याने 1536 च्या कायद्याने वेल्सला इंग्लंडमध्ये विलीन केले आणि तिथल्या न्यायालयांतून वेल्श भाषा हद्दपार केली. पूर्वजांच्या गावाच्या पदरात काय पडले हाच हिशेब मांडायचा, तर मूळ न मिरवणाऱ्या नगरच्या सुलतानाकडून पाथरीच्या भाऊबंदांना निदान वतन तरी मिळाले.