मोड आलेले धान पुन्हा का वाळवता येत नाही? दाण्याच्या आत काय घडते, जाणून घ्या

गोंदिया : मृग लागला की नागरा परिसरात घरोघरी बियाण्याचे धान भिजत पडते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून पोचट दाणे वरच्यावर काढायचे, खाली बसलेले धान साध्या पाण्याने धुवायचे, दिवसभर भिजवायचे आणि ओल्या पोत्यात बांधून ठेवायचे. एक-दोन दिवसांत पांढरे मोड दिसतात. अन् नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो, नाहीतर इतका कोसळतो की पऱ्ह्याच्या बांधीत पायच ठेवता येत नाही. मग प्रश्न पडतो, हे धान उन्हात वाळवून आठ दिवसांनी पुन्हा भिजवले तर?

नाही चालत. थोडेफार दाणे उगवतात, पण पऱ्हे विरळ होतात आणि रोवणीच्या वेळी रोपे कमी पडतात. गंमत अशी, की हेच धान मोड येण्याआधी, नुसते भिजलेले असताना सावलीत वाळवले असते तर जगले असते. एका रात्रीत असे काय बदलते?

त्यासाठी दाण्याच्या आत डोकवावे लागते. धानाचा कोंब ज्या पेशींपासून होतो, त्या प्रत्येक पेशीत एक केंद्रक असते. त्यात डीएनएचे धागे असतात, धानात त्यांच्या १२ जोड्या. धानाचा हा सगळा मजकूर वाचण्याचे काम अनेक देशांनी मिळून केले आणि ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ११ व्या धाग्याच्या कामात भारताचा वाटा होता. एका पेशीतले सगळे धागे सरळ करून जोडले तर लांबी भरते साधारण एक वीत. आणि हे मावते कुठे, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात.

मावते, कारण धागा मोकळा पडलेला नसतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या बारीक रिळांवर तो गुंडाळलेला असतो. एका रिळाभोवती पावणेदोनच्या आसपास फेरे. धागा आणि रिळे मिळून जे बनते त्याला क्रोमॅटिन म्हणतात. जिथे गुंडाळणी घट्ट, तिथला मजकूर पेशीला सहसा वाचता येत नाही. जिथे सैल, तिथला वाचता येतो. मुळाच्या पेशीत आणि पानाच्या पेशीत धागा एकच असतो. कोणता भाग उघडा अन् कोणता बंद, यावर मूळ की पान हे ठरते.

आता लोंबीतला दाणा बघा. दुधाळ दाणा पिकतो, कडक होतो, ओल उतरते. बी असे पिकत जाते तेव्हा केंद्रक आकसते आणि क्रोमॅटिन दाबून बसते. जर्मनीतील कोलोन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हे दाखवले. त्यांनी पाहिली ती ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा तणाची बी, कारण अशा कामाची सुरुवात बहुतेक त्याच तणावर होते. सोबत दाण्यात काही खास प्रथिने अन् साखरा साठतात. पाणी निघून गेले तरी पेशी मोडत नाही ती त्यांच्यामुळे. म्हणून तर कोठीतले धान पुढच्या मृगापर्यंत जिवंत राहते.

भिजवल्यावर उलटा प्रवास सुरू होतो. पाणी आत शिरते, केंद्रक पुन्हा फुगते, गुंडाळणी सैल पडते, साठवणीत धाग्याला झालेली इजा दुरुस्त होऊ लागते. इथपर्यंत बी अजून बीच असते. वाळणे सोसण्याची तयारी तिच्यात शिल्लक असते.

मूळ बाहेर आले की पेशी दुसरेच काम हाती घेते. 'बी म्हणून राहण्याच्या' जनुकांजवळच्या रिळांवर ती एक रासायनिक खूण लावते आणि तो भाग बंद करून टाकते. कुलूप लावल्यासारखेच. वाळणे सोसण्याची सामग्री बनवणारी बरीच जनुके या बंद होणाऱ्या कामाशी बांधलेली असतात. शिवाय वाढणारी पेशी पाण्याने टम्म फुगलेली असते, पाणी गेले की ती फाटते. हे कुलूप एका क्षणात लागत नाही. मोड नुसता टोकावर दिसत असेल तर काही दाणे वाचतात, मोड लांबला की वाचणारे कमी.

हे बंद झालेच नाही तर काय, तेही बघून झाले आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत अशी रोपे सापडली की ज्यांत बंद करणारी यंत्रणाच बिघडलेली होती. उगवल्यावरही त्यांची मुळे जाड, हिरवट, आणि आत बियांसारखे तेल साठलेले. लोणच्यातल्या काकडीसारखी दिसतात म्हणून त्या जनुकाला 'पिकल' हेच नाव पडले.

आणखी एक बदल उजेडात होतो. अंधारात वाढलेला कोंब पिवळट असतो हे सगळ्यांनी पाहिले आहे. त्याच ॲराबिडॉप्सिसच्या अंधारातल्या कोवळ्या दलांवर उजेड पडला की केंद्रक मोठे होते आणि धाग्याची मांडणी नव्याने होते, असे पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवले.

तर पाऊस फसवत असेल तेव्हा काय करावे? मोड फुटलेले नसतील तर धान काढून सावलीत पातळ पसरून वाळवावे अन् लवकर वापरावे, कारण असे बियाणे पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही. मोड आले असतील तर वाळवायचे नाव काढू नये. ढीग मोडून सावलीत पसरावे, पाणी शिंपून ओल ठेवावी आणि एक-दोन दिवसांत पेरावे. पोत्यात बांधून ठेवले तर धान तापते, मुळे एकमेकांत गुंततात आणि फेकताना तुटतात.

दिवाळीच्या सुमारास कडपा पावसात भिजतो तेव्हाही हेच घडते. लोंबीतच दाणा फुटतो, नंतर ऊन पडले की मोड सुकून गळून जातो अन् दाणा वरून चांगला दिसतो. त्यातूनच घरचे बियाणे ठेवले तर पुढच्या पावसाळ्यात फटका बसतो. म्हणून कडपा भिजलेल्या बांधीचे धान बियाण्यासाठी ठेवण्याआधी तपासावे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावे, आठवडाभर ओल ठेवावी आणि उगवलेले मोजावे. प्रमाणित धान बियाण्याची किमान उगवण ८० टक्के धरलेली आहे. त्याहून कमी भरले तर ते धान खायला ठेवावे, बियाणे दुसरीकडून बघावे. ताजे कापलेले धान काही वाणांत आठवडेच्या आठवडे झोपेत असते, त्यामुळे ही मोजणी मळणीनंतर लगेच न करता उन्हाळ्यात केलेली बरी.