मसुद्यांची वंशावळ : संशोधकाच्या फायली आणि आवृत्तिनियंत्रण

एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, हे सर्वश्रुत आहे. या कार्याचा काळ त्यांनी ओव्यांतच नोंदविला असून पाठांतरांमुळे ग्रंथात शिरलेली अशुद्धता हे त्यामागील कारणही सांगितले आहे. परंतु कोणत्या ओवीतील कोणता शब्द बदलला, कोणत्या प्रतीवरून बदलला आणि काय गाळले, याचा तपशील मागे राहिलेला नाही. निर्णय उरला, निर्णयापर्यंतची वाट पुसली गेली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती या पुसलेल्या वाटेचा शोध घेण्याच्या भूमिकेतूनच. याउलट भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (आरंभ १९१९, पूर्ती १९६६) स्वीकृत पाठाखाली त्याज्य पाठही दिलेले आहेत आणि मोठे प्रक्षेप परिशिष्टांत जतन केलेले आहेत. संपादकाचा निर्णय मान्य नसलेल्या वाचकालाही त्या निर्णयाची तपासणी करता यावी, ही त्यामागची दृष्टी होय.

ही दृष्टी आपण इतरांच्या ग्रंथांना लावतो. स्वतःच्या प्रबंधाच्या मसुद्याला क्वचितच लावतो. पीएच. डी. च्या विद्यार्थ्याचा संगणक उघडला तर ‘प्रकरण ३’, ‘प्रकरण ३ सुधारित’, ‘प्रकरण ३ अंतिम’, ‘प्रकरण ३ अंतिम नवे’ अशा फायलींची रांग दिसते. यांतील कोणती कोणत्या फाइलवरून निघाली आणि मार्गदर्शकांची दुरुस्ती कोणत्या फाइलमध्ये उतरली, हे वर्षभराने खुद्द लेखकालाही सांगता येत नाही. कागदावरचा मसुदा या बाबतीत अधिक प्रामाणिक होता असे म्हणावे लागते. त्यावर खोडलेला शब्द खोडलेल्या अवस्थेत का होईना, दिसत असे. संगणकावर खोडलेले खरोखरच नाहीसे होते. वर्डमधील दुरुस्त्या दाखविण्याची सोय उपयुक्त आहे. पण दुरुस्ती एकदा स्वीकारली की तिची खूण त्या फाइलमधून जाते.

या अडचणीवर संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांनी फार पूर्वी उपाय शोधला. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली तयार केली. १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. आणि २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी लिनस टॉरवल्ड्स यांनी गिट ही प्रणाली लिहिली. आज तीच सर्वाधिक प्रचलित आहे आणि विनामूल्य मिळते. तिला आवृत्तिनियंत्रण म्हणतात. एकट्या अभ्यासकाने आपल्या फोल्डरपुरती ती वापरण्यास कोणतीच आडकाठी नाही. त्यासाठी महाजालाची जोडणीही आवश्यक नाही.

तिचे कार्य थोडक्यात असे. प्रबंधाच्या फोल्डरमध्ये एक अदृश्य उपफोल्डर निर्माण होतो. लेखक कामाच्या एखाद्या टप्प्यावर ‘कमिट’ करतो, म्हणजे त्या क्षणीच्या मजकुराची नोंद करतो. नोंदीत मजकुराबरोबर लेखकाचे नाव, वेळ, बदलाचे कारण आणि आधीच्या नोंदीची ओळखखूण असते. ही खूण सामान्यतः चाळीस अंकाक्षरांची असते आणि ती नोंदीच्या आशयावरूनच गणिताने काढली जाते. त्यामुळे जुन्या नोंदीत एक मात्रा जरी बदलली तरी खूण बदलते. फाइलचे नाव मात्र अखेरपर्यंत ‘प्रकरण ३’ एवढेच राहते. पाठचिकित्सक पोथ्यांच्या साम्यभेदांवरून त्यांची वंशावळ अनुमानाने मांडतो; येथे प्रत्येक आवृत्ती आपल्या जनकाचे नाव स्वतःच सांगते. मार्गदर्शकांच्या सूचनेनुसार एखादे प्रकरण वेगळ्या क्रमाने मांडून पाहायचे असल्यास नवी शाखा काढता येते, पटल्यास ती मूळ प्रवाहात मिळविता येते, न पटल्यास तशीच ठेवता येते.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कारणाची ओळ. ‘दुरुस्त्या केल्या’ एवढेच लिहिले तर ती ओळ वाया गेली. ‘अभंगाच्या दुसऱ्या चरणात क प्रतीचा पाठ सोडून ख प्रतीचा घेतला, क मध्ये अक्षर पुसट’ असे लिहिले, तर मौखिक परीक्षेत त्या चरणाविषयी प्रश्न आल्यास उत्तर तयार असते.

मराठी मजकुराच्या बाबतीत काही व्यावहारिक अडचणी येतात. ही प्रणाली ओळीओळींची तुलना करते. गद्य लिहिताना आपण परिच्छेद संपेपर्यंत एंटरची कळ दाबत नाही. त्यामुळे एक अनुस्वार बदलला तरी संपूर्ण परिच्छेद बदललेला दिसतो. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिणे हा त्यावरचा साधा उपाय. शब्दवार तुलनेची सोयही आहे. वर्डची फाइल ही आतून बांधलेले गाठोडे असते. तिच्या आवृत्त्या जतन होतात, पण त्यांतील फरक वाचता येत नाही. म्हणून साधा युनिकोड मजकूर हवा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील टंकलेखन आधी रूपांतरित करावे लागते, अन्यथा तुलनेत केवळ रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो. फायलींची देवनागरी नावेही प्रथम आकड्यांच्या साखळ्यांसारखी दिसतात. ‘कोटपाथ’ नावाची एक योजना बंद केली की ती नीट दिसू लागतात.

याहून सूक्ष्म अडचण ‘ऱ्य’ची. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होऊ शकतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला ते दोन निराळे शब्द. तुलनेत काहीच बदललेले नसताना ओळ बदललेली दिसली, तर बहुधा हेच कारण असते. एखाद्या संतकवीच्या गाथेची शब्दसूची करणाऱ्याला याची किंमत मोजावी लागते. दोन व्यक्तींनी टंकलेखन केलेले असेल तर शोधात ‘दुसऱ्या’चे काही प्रयोग सापडतात, काही निसटतात, आणि वारंवारितेचा आकडा नकळत चुकतो. लेखनिकांच्या वळणांचा अभ्यास आपण पोथ्यांत करतो. कळफलकालाही वळण असते, हे येथे प्रत्ययास येते. सर्व फायली आरंभीच एका संकेतात आणून ती पहिली नोंद करावी.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. नोंदीतील नाव लेखक स्वतः भरतो आणि वेळ संगणकाच्या घड्याळावरून येते. दोन्ही बदलता येतात, आणि संपूर्ण इतिहासही नव्याने लिहिता येतो. वाङ्मयचौर्याच्या वादात केवळ असा इतिहास पुढे करून भागणार नाही. दुसरे, इतिहास जतन होतो तो त्याच डिस्कवर. डिस्क गेली की मजकूर व इतिहास दोन्ही गेले. तेव्हा दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवणे अपरिहार्य आहे. पोथ्यांची छायाचित्रे या भांडारात घालू नयेत. त्यांच्या फायली मोठ्या असतात, प्रत्येक बदललेले चित्र नव्याने साठते, आणि एकदा नोंदलेले पुसून टाकणे कष्टाचे असते. छायाचित्रे वेगळी ठेवून त्यांची सूची मात्र साध्या मजकुरात भांडारात असावी : ग्रंथालयातील बाडाचा क्रमांक, पत्राचा क्रमांक, पुढची बाजू की मागची, आणि छायाचित्र घेतल्याचा दिनांक.