टाचांच्या भेगा : कारणे, घरगुती उपाय आणि घ्यावयाची काळजी

हिवाळा सुरू झाला की संगमनेर तालुक्यात रब्बी कांद्याच्या लागवडीची धांदल उडते. वाफ्यात पाणी सोडायचे आणि ओल्या चिखलात अनवाणी पायाने, ओणवे राहून रोपे लावायची, असे हे काम चालते. ते बहुतांशी महिलाच करतात. त्याच दिवसांत उसाला पाणी देणे, गाईंच्या गोठ्यातील शेण-मूत्र काढणे आणि भल्या पहाटे धारा काढणे हीही कामे असतात. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी २०२३ साली सुटले आणि तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातही पाटपाण्याची कामे वाढू लागली. पाणी आले ही आनंदाची गोष्ट आहे. पण दिवसभर ओल्यात आणि रात्री कोरड्या थंडीत राहणाऱ्या पायांची काळजी त्याबरोबर वाढवावी लागते.

टाचांना भेगा पडणे हे दुखणे बहुतेक घरांत अंगवळणी पडलेले असते. "थंडी गेली की बरे होईल" असे म्हणून ते सोडून दिले जाते. परंतु खोल गेलेली भेग ही उघडी जखमच असते आणि शेतकऱ्याचा पाय सतत माती, शेण व औषधांच्या संपर्कात असतो. म्हणून हे दुखणे वेळीच आवरणे हिताचे ठरते.

भेगा का पडतात?

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा कशा पडतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. ओल उडाली की माती आकसते आणि फाटते. टाचेचेही तसेच आहे. तळपायाची कातडी शरीरात सर्वांत जाड असते, पण तेथे तेल तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. घामाच्या ग्रंथी तेवढ्या असतात. त्यामुळे ओल धरून ठेवणारा नैसर्गिक तेलकट थर तळपायावर जवळजवळ नसतोच. हवा कोरडी झाली की कातडीतील ओल उडते, कातडी कडक होते आणि तिची लवचीकता जाते.

त्यात शरीराचा भार टाचेवर येतो. पाऊल टेकताच टाचेखालची गादी बाजूला पसरते. कातडी मऊ असेल तर ती ताणली जाते, कडक असेल तर फाटते. यामुळेच भेगा प्रामुख्याने टाचेच्या कडेला पडतात. पुढील बाबींमुळे त्या वाढतात :

१) दिवसभर पाण्यात किंवा चिखलात राहणे. पाण्याने कातडी फुगते व तिच्यातील ओल धरणारे घटक धुऊन जातात. चिखल वाळताना उरलेली ओलही ओढून घेतो.

२) कपडे धुण्याच्या सोड्याने किंवा कडक साबणाने पाय धुणे.

३) अनवाणी चालणे, तसेच मागून उघड्या असलेल्या सपाट चपला कायम वापरणे. अशा चपलेत टाचेच्या गादीला आधार मिळत नाही.

४) कडक जमिनीवर तासन्‌तास उभे राहणे व वजन जास्त असणे.

५) मधुमेह, थायरॉइडचा विकार, सोरायसिस किंवा बुरशीचा संसर्ग यांसारखे आजार.

उपायाचे तत्त्व : आधी ओल, मग आच्छादन

फळबागेत पाणी दिल्यावर ओल टिकावी म्हणून आपण पाचटाचे आच्छादन करतो. कोरड्या जमिनीवर आच्छादन घालून ओल तयार होत नाही. टाचेवर तेल चोळण्याचेही असेच आहे. तेल कातडीला पाणी देत नाही, आत असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून कोरड्या, मातीने भरलेल्या टाचेला कितीही तेल लावले तरी फारसा उपयोग होत नाही. पाय आधी भिजवून लगेच तेल किंवा मलम लावले तर गुण येतो.

रोज रात्री करावयाची कृती

१) घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाय १० ते १५ मिनिटे बुडवून ठेवावेत. पाणी कढत नसावे. त्यापेक्षा जास्त वेळ पाय भिजवू नयेत.

२) सौम्य साबणाने माती काढावी. वजरीने किंवा खरखरीत फडक्याने टाचेची मेलेली जाड कातडी हलक्या हाताने घासावी. एकाच दिवशी सर्व कातडी काढण्याचा प्रयत्न करू नये. रक्त येत असेल तेथे घासू नये. वजरी प्रत्येकाची वेगळी असावी व वापरानंतर धुऊन वाळवावी.

३) स्वच्छ फडक्याने पाय टिपून घ्यावेत. बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात.

४) टाच किंचित दमट असतानाच मलम किंवा तेल चोळावे. बोटांच्या बेचक्यांत लावू नये.

५) वरून सुती मोजे घालून झोपावे. यामुळे मलम अंथरुणाला न लागता कातडीवर राहते आणि घसरून पडण्याचा धोकाही टळतो.

हा क्रम न चुकता ठेवल्यास साध्या भेगा साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत भरून येतात. त्यानंतरही थंडी संपेपर्यंत रोज मलम लावणे सुरू ठेवावे.

लावण्यासाठी काय वापरावे?

कोकम तेल : कोकमाच्या बियांपासून निघणारे हे तेल घट्ट गोळ्याच्या स्वरूपात मिळते. कोकणात पायांच्या भेगांसाठी ते पूर्वापार वापरले जाते. पळीत किंचित गरम करून पातळ करावे, हाताला सोसेल इतके निवाल्यावर भेगांत भरावे. ते टाचेवर पुन्हा घट्ट होते व चांगला थर देते.

मेणाचे मलम : मधमाशीचे शुद्ध मेण २५ ग्रॅम आणि तिळाचे किंवा खोबरेल तेल १०० मिलि घ्यावे. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरे लहान भांडे बसवावे व त्यात मेण आणि तेल एकत्र वितळवावे. थेट जाळावर मेण वितळवू नये, ते पेट घेऊ शकते. मिश्रण ढवळत थंड करून स्वच्छ, कोरड्या डबीत भरावे. मेणबत्तीचे मेण यासाठी वापरू नये.

ग्लिसरीन : हे हवेतील व कातडीतील ओल धरून ठेवते. सम प्रमाणात पाणी मिसळून लावावे आणि वरून तेलाचा हात द्यावा. चिरलेल्या भेगेत थोडी आग होते.

पेट्रोलियम जेली : स्वस्त, सर्वत्र मिळणारी व आच्छादन म्हणून अतिशय उपयुक्त आहे. वर सांगितलेले काहीच जमले नाही तरी एवढे जरूर करावे.

औषधाच्या दुकानात भेगांसाठी युरियायुक्त मलमे मिळतात. युरिया ओल धरतो आणि जाड कातडी मऊ करतो, हे खरे आहे. परंतु म्हणून गोणीतील खताचा युरिया पायाला लावू नये. तो औषधी प्रतीचा नसतो, शिवाय २०१५ पासून शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो.

हे उपाय टाळावेत

* बिब्बा : बिब्बा तापवून त्याचे तेल भेगेत सोडण्याची पद्धत गावोगावी आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. अनेकांना तो उततो, फोड येतात, खाज अंगभर पसरते. साध्या भेगेची मोठी जखम होते.
* रुईचा चीक : कातडीला दाहक आहे आणि हाताने डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते.
* चुना, रॉकेल, गाडीचे जळके ऑइल, वंगण : यांनी कातडी आणखी कोरडी होते किंवा भाजते.
* वितळलेले गरम मेण भेगेत ओतणे, डिंक किंवा चिकटविण्याचे द्रव्य भरणे : यामुळे आतील घाण आतच राहते व पू होतो.
* ब्लेड, विळा किंवा चाकूने कातडी तासणे.

शेतात काम करताना

लागवडीला किंवा पाणी धरायला जाण्यापूर्वी टाचांना तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. शक्य तेथे रबरी गमबूट वापरावेत. गोठ्यातील कामासाठी वेगळे बूट ठेवावेत. काम संपताच पायावरचा चिखल वाळू न देता धुवावा, पाय पुसावेत व पुन्हा तेलाचा हात फिरवावा. रोजच्या वापरासाठी टाच झाकणारे पादत्राण निवडावे.

डाळिंब, टोमॅटो किंवा कांद्यावर फवारणी करताना मात्र तेलावर विसंबू नये. तेल औषधापासून संरक्षण देत नाही. फुटलेल्या कातडीतून कीटकनाशके व पॅराक्वाटसारखी तणनाशके शरीरात जाऊ शकतात. फवारणीच्या वेळी बूट घालावेतच. टाचांतून रक्त येत असेल तर त्या व्यक्तीने फवारणी करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

खोल भेगेत माती व शेण गेल्यास धनुर्वाताचा धोका असतो. लस घेतली नसेल, किंवा शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सल्ला घ्यावा. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही फुटलेल्या कातडीवाटे शिरतात. पाण्याच्या कामानंतर ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास घरी थांबू नये, आणि चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

खालील स्थितीतही घरगुती उपायांवर वेळ घालवू नये :

१) भेगेतून पू येणे, पाय सुजणे, लाल व गरम होणे.

२) तीन आठवडे काळजी घेऊनही फरक न पडणे.

३) तळपायावर पांढरट कोंडा, बेचक्यांत खाज किंवा नखे जाड होणे. ही बुरशी असू शकते. दुकानातून मनाने घेतलेल्या स्टेरॉइड मिश्रित मलमाने ती दबते आणि नंतर जोराने वाढते.

४) पाय बधिर होणे किंवा अंगावर बधिर, फिकट चट्टे दिसणे. हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्यावरील औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

मधुमेह असलेल्यांसाठी विशेष सूचना

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. भेग खोल गेली, काटा रुतला किंवा पाणी कढत असले तरी कळत नाही. जखम लवकर भरत नाही आणि दुर्लक्ष झाल्यास बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. अशा व्यक्तींनी पाय भिजविणे व वजरीने घासणे टाळावे. पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाण्याची उष्णता घरातील दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावी. रोज संध्याकाळी उजेडात तळपाय पाहावेत; वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवावा किंवा घरच्यांना पाहण्यास सांगावे. शेतात अनवाणी जाऊ नये. लहानशी भेग दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी.

थंडीत टाचा फुटू लागल्या की त्या दिवसापासूनच उपाय सुरू करावा. घरातील महिला दिवसभराच्या कामानंतर स्वतःच्या पायाकडे शेवटी पाहतात, किंवा पाहतच नाहीत. लागवडीच्या दिवसांत घरातील प्रत्येकासाठी, तसेच कामावर येणाऱ्या मजूर भगिनींसाठी, बांधावर स्वच्छ पाण्याची बादली, फडके आणि मलमाची एक डबी ठेवावी. खर्च थोडा आहे, आणि ऐन हंगामात दुखऱ्या पायामुळे बुडणारे दिवस त्यामुळे वाचतात.