खाणकामगार न्यायाधीश आणि तीस दिवसांची कैद

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, हार्लन परगण्यात, लिंच हे कोळशाच्या खाणीसाठी वसवलेलं छोटं गाव. १९७४च्या जुलैत तिथे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नॉर्थ नावाच्या माणसाला पकडलं. गावच्या पोलीस कोर्टाचा न्यायाधीश, रसेल, खाणीत काम करणारा. कायद्याचं शिक्षण शून्य. या पदासाठी तशी अटच नव्हती. मोठ्या शहरांतल्या न्यायाधीशाला मात्र कायद्याचं शिक्षण लागे. रसेलने ज्युरीची मागणी फेटाळली आणि दंडासोबत तीस दिवसांची कैद ठोठावली. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात कैदेची तरतूदच नव्हती!

खाणकामगाराने न्यायदान करू नये, असं मी म्हणत नाही. सचोटी कुणाचीही मक्तेदारी नाही. पण ज्या कायद्याने माणसाला गजाआड धाडायचं, तो न्यायाधीशाला वाचता आणि उमजता आलाच पाहिजे.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्येच हे ओळखलं होतं: कैदेची शक्यता असलेला खटला कायदा न शिकलेल्या न्यायाधीशापुढे चालवणं घटनाबाह्य. 'नॉर्थ विरुद्ध रसेल' खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, तेव्हा २८ जून १९७६ला निकाल उलटा लागला. सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिलं की, वरच्या न्यायालयात कायदा जाणणाऱ्या न्यायाधीशापुढे पुन्हा मुळापासून खटला चालवून घेण्याची सोय आहे, म्हणून खालची पद्धत चालेल. न्यायाधीश स्टुअर्ट यांनी विरोधी मत नोंदवलं, न्यायाधीश मार्शल त्यांच्यासोबत होते. त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. आरोपीला वकील मिळण्याचा हक्क न्यायालयानेच दिलेला. मग वकिलाचा युक्तिवाद न्यायाधीशाला कळणारच नसेल, तर त्या हक्काला अर्थ काय?

केंटकीच्या मतदारांनी मात्र न्यायालयाची वाट पाहिली नव्हती. निकालाआधीच, १९७५च्या नोव्हेंबरात, त्यांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती मंजूर केली. १९७८पासून पोलीस कोर्टं गेली आणि जिल्हा न्यायालयं आली. तिथला न्यायाधीशही मतदारच निवडतात, पण तो वकील असावाच लागतो. लोकांची निवड आणि कायद्याचं ज्ञान एकत्र नांदू शकतं, हे या एका राज्याने दाखवून दिलं.

सगळीकडे तसं झालं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यापाड्यांच्या कोर्टांवर २००६मध्ये वृत्तपत्रांनी प्रकाश टाकला, तेव्हा तिथले सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीश वकील नव्हते. निवडून यायचं, काही दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि आसनावर बसायचं. आणि त्या आसनावरून माणसाला तुरुंगात पाठवता येतं.